सरळ मानेच्या फोर्कसाठी मुलुंड ते बोरिवली

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये फक्त एक जंगल आहे. बिबट्या सरळ जातो. माणसाला भांडुप, घाटकोपर, अंधेरी, दिंडोशी असा वळसा घालावा लागतो आणि त्यात आख्खा शनिवार जातो. हा वळसा आम्ही ठरवून घेतला नाही. निघताना वाटलं होतं, भांडुपला काम होईल आणि जेवायला घरी येऊ.

आम्ही म्हणजे मी आणि मिलिंद. एकाच इमारतीत राहतो. पन्नाशीला टेकल्यावर सायकली घेतल्या आणि रविवारी सकाळी येऊरच्या चढावर धापा टाकायला लागलो. मिलिंद मूळचा बुलढाण्याकडचा, बँकेत आहे, आणि असा उंच-रुंद की रिक्षात बसला की तो आत आहे की रिक्षा त्याच्या अंगात आहे हे सांगता येत नाही. त्याच्या मापाची सायकल मिळणं कठीण. काही वर्षांपूर्वी एक मिळाली, माउंटन बाइक, मोठ्यात मोठ्या मापाची, आणि ती त्याला अशी फिट बसली की कंबरदुखी पळाली, साखर ताब्यात आली, आणि बँकेत लोकांना तो चक्क हसताना दिसायला लागला.

मग येऊरच्या उतारावर त्याने जोरात ब्रेक दाबला. त्या सायकलच्या पुढच्या फोर्कच्या नळ्या बारीक होत्या. त्या मागे वाकल्या, चाक भलतीकडे निघालं, मिलिंद तिसरीकडे. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर त्याची बायको ज्योती हिने स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, अट घातली. ज्योती विमा कंपनीत दावे तपासते. नवऱ्याच्या बोलण्याकडेही ती त्याच नजरेने बघते.

"शनिवारी बाहेर पड आणि न वाकणारा फोर्क आण. मिळाला तर चालव. नाही मिळाला तर सायकल विकायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मिलिंदने मान हलवली. नवी सायकल हा पर्याय नव्हता. मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं.

"तू जा गं याच्याबरोबर," ज्योती मला म्हणाली. "हा एकटा गेला तर याला कोणी काहीही विकेल. तू निदान दुकानदाराचा अपमान तरी करशील."

इतक्या स्वच्छ शब्दांत माझ्या गुणांची कदर आजवर कोणी केलेली नाही. मी गेले.

आता जरा तांत्रिक बोलावं लागेल. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी चहा ठेवून यावा. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. त्यात स्प्रिंग किंवा हवा असते, म्हणून खड्डा मनगटापर्यंत पोचत नाही. आपल्या बाजारात त्याला शॉकअप म्हणतात. दोन पाय वर जिथे जुळतात तिथून एक नळी निघते, स्टिअरर. ती सायकलच्या मानेतून वर जाते आणि तिच्या टोकावर हँडल बसतं. जुन्या सायकलींत ही नळी वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची, सरळ. नव्या फोर्कमध्ये ती वर तेवढीच पण खाली दीड इंच जाड. नरसाळ्यासारखी. मिलिंदच्या सायकलची मान सरळ. तिच्यात नरसाळं जात नाही. पोटभर शिव्या दिल्या तरी जात नाही.

सकाळी लवकर निघालो. मिलिंदने जुना फोर्क काढून, नमुना म्हणून, पोरीच्या बॅडमिंटनच्या लांब पिशवीत घातला होता. एलबीएस रोडवरून बस घेतली. या रस्त्यावर मेट्रोचे खांब इतकी वर्षं उभे राहताहेत की त्यांच्या सावलीत बसणाऱ्या भाजीवाल्यांना आता हक्क मिळायला हरकत नाही. प्रवास करणार असाल तर नाश्ता घरून करून निघा. भांडुपपर्यंत पोचायला किती वेळ लागेल हे बसलाही माहीत नसतं.

भांडुपच्या दुकानात सरळ नळीचे फोर्क छताला टांगलेले होते. मिलिंदचा चेहरा उजळला. दुकानदाराने एक खाली काढला आणि तळहाताने दाबून दाखवला.

"एकदम मक्खन आहे, साहेब."

"मक्खनच नकोय हो," मी म्हटलं. "मक्खनावरूनच पडलेत हे."

मिलिंदने फोर्कचे दोन्ही पाय दोन हातांत धरून पिळले. एक पुढे गेला, एक मागे. दुकानदार म्हणाला, "तुम्ही पिळताय कशाला? कपडे आहेत का ते?" त्याचंही बरोबर होतं. तो फोर्क सोसायटीच्या आवारात आइस्क्रीम खात फिरणाऱ्यांसाठी होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमच्या वजनाला हा नको. घाटकोपरला मोठं शोरूम आहे, तिकडे बघा."

घाटकोपरचं शोरूम म्हणजे काच, एसी, कॉफीचं मशीन आणि एक तरुण सेल्समन, ज्याच्या पोटऱ्या बघून आम्ही दोघांनी आपापली पोटं आत घेतली. त्याने आणलेला फोर्क खरोखर देखणा होता. जाड पाय, भक्कम जोड, आणि पिळायला गेलं तर उलट मिलिंदच पिळला गेला.

"मान सरळ आहे आमची," मिलिंद अपराध्यासारखा म्हणाला.

"ओह." आजारी माणसाच्या घरी गेल्यावर करतात तसा सेल्समनने चेहरा केला. "सर, सरळ आता कोणी बनवत नाही. चांगल्यात तर नाहीच. यात तुम्हाला फ्रेम बदलावी लागेल."

"आणि चाक?" मी विचारलं.

"चाकही. याचा आस जाड आहे, तुमच्या चाकाचा मधला हब बसणार नाही. मग मागचं चाकही मॅच नको का व्हायला, मॅम?"

खिडकीचा पडदा बदलायला निघालेला माणूस बिल्डरला घेऊन घरी येतो, तसं हे. फोर्कसाठी फ्रेम, फ्रेमसाठी चाक, चाकासाठी गिअर. जुन्या सायकलची घंटी तेवढी वाचली असती. तरी खोटं कशाला बोला, त्या पोराने समजावून सांगितलं ते पटण्यासारखं होतं. ब्रेक लागतो तेव्हा सगळा जोर नळीच्या बुडाशी येतो, जिथे ती पायांना जुळते. म्हणून तिथे जाडी वाढवली, वर वजन वाचवलं. विचार शहाण्याचा आहे. फक्त त्या शहाण्याच्या डोक्यात मिलिंद नव्हता.

बाहेर पडलो तर दारापर्यंत सोडायला आलेला तोच सेल्समन आवाज खाली करून म्हणाला, "अंधेरीला एक लेथवाला आहे. नळ्या बदलून देतो म्हणतात. मी सांगितलं असं सांगू नका."

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो, आणि इथे पहिलं संकट. सिक्युरिटीच्या मशीनमध्ये पिशवी गेली आणि पडद्यावर दोन लांब नळ्या शेजारी शेजारी उमटल्या. मशीन थांबलं. शिपाईबाई उभ्या राहिल्या.

"ये दुनाली किसकी है?"

मिलिंदने हात वर केले. खरोखरच वर केले. मी पिशवी उघडली, फोर्क काढला, चाक कुठे बसतं, हँडल कुठे बसतं, सगळं करून दाखवलं. मागे रांग वाढत होती. शेवटी बाईंनी विचारलं, "तो बाकी की साइकिल कहाँ है?"

"घर पे."

"पहिया घर पे, सीट घर पे, और ये लेके घूमने निकले?" त्यांनी मिलिंदकडे आणि मग माझ्याकडे अतिशय कणवेने पाहिलं. "जाओ."

लेथवाला एका औद्योगिक गाळ्यात, साकीनाक्याच्या बाजूला. भला माणूस, भलताच हुशार. त्याच्याकडे एक जाड पायांचा नरसाळ्या नळीचा फोर्क पडलेला होता. तो म्हणाला, ही नळी दाबून बाहेर काढू, सरळ नळी बनवू, ठोकून बसवू, संध्याकाळी घेऊन जा. मिलिंद तो फोर्क हातात घेऊन उभा राहिला. मी त्याला पंचवीस वर्षं ओळखते. त्याने मनात ती सायकल येऊरला नेली होती आणि परतही आणली होती.

"गॅरंटी क्या है?" मी विचारलं.

"जब तक चलेगा, तब तक गॅरंटी."

मिलिंद हसला नाही. "अगं, करून टाकू या ना. दिसायला तर कळणारही नाही."

"कोणाला कळणार नाही?"

त्याने फोर्क उलटा करून बघितला.

"ज्योतीने विचारलं नळी कशाने धरून राहिली आहे, तर काय सांगणार आहेस? ठोकून?"

त्याने फोर्क खाली ठेवला. लेथवाल्याने वाईट वाटून घेतलं नाही. आमच्या पिशवीतला जुना फोर्क बघून तोच म्हणाला, "सीधा पाइप चाहिए तो बोरिवली में एक अंकल है. पुराना माल रखता है. बेचता है कि नहीं, मालूम नहीं." आणि नंबर दिला. फोनवर काकांनी एवढंच विचारलं, "जेवलात का? मग जेवून या, मी तीनपर्यंत झोपतो."

म्हणून मेट्रो बदलून, हायवेवरच्या लाइनने, दिंडोशीला उतरलो. तिथे एक मालवणी खानावळ आहे. चार टेबलं, पाट्या हाताने लिहिलेल्या, थाळी अजून परवडते. शनिवार असूनही बांगडा होता आणि शनिवार असूनही आम्ही खाल्ला. मालकीणबाई वाढता वाढता पिशवीकडे बघत होत्या. बाहेर आलेल्या दोन टोकांना त्यांनी डावाने हलकासा टोला दिला.

"ह्यां काय गो हाडलंस?"

"सायकलीचो पाय," मी म्हटलं. माझे आजोबा गिरणीत आले ते मालवणहून. तेवढी भाषा माझ्याकडे उरली आहे. "नवो बसवूक चललंव."

बाईंनी मिलिंदला वरपासून खालपर्यंत मापलं. "ह्येंका सांग, आधी ढोपरां बदलून घे. ती पयली जातली."

मिलिंदला अर्थ कळला नाही. त्याने हसून सोलकढी मागितली.

आता बोरिवली. मेट्रोतून उजव्या हाताला जंगल दिसत राहतं. त्याच्या पलीकडे आपलं घर आहे आणि आपण सकाळपासून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय, हा विचार करू नये. उतरून चालत दहा मिनिटांवर काकांची इमारत. काका सत्तरीच्या पुढचे, बनियनवर, एकटे राहतात. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीवर फोर्क लटकत होते, प्रत्येकाला जुन्या पडद्याचं कापड गुंडाळलेलं. शेजाऱ्यांना काय वाटत असेल देव जाणे.

"फ्रेम आणली?" काकांनी दार उघडताच विचारलं.

"नाही, जुना फोर्क आणलाय."

"म्हणजे नवरी घरी ठेवून वऱ्हाड आलंय." ते आत गेले आणि एक गुंडाळी घेऊन आले. कापड सोडलं. सरळ नळी. पाय मिलिंदच्या जुन्या फोर्कपेक्षा स्पष्ट जाड. आस साधा, म्हणजे जुनंच चाक बसणार. काकांनी आधी आमचा फोर्क गुडघ्यांत धरून वरून पिळला; तो वळला. मग त्यांचा पिळला. कपाळावर शीर आली, पण फोर्क हलला नाही.

"हा घोड्याला बसवा," काका म्हणाले.

मिलिंद मांडी घालून जमिनीवरच बसला. मला वाटलं आता रडणार. तेवढ्यात काकांनी दोन्ही फोर्क शेजारी शेजारी उभे केले आणि त्यांचा आवाज बदलला. "थांबा हां."

त्यांच्या फोर्कची नळी आखूड होती. आधीच्या मालकाने ती त्याच्या सायकलच्या मापाने कापली होती. सगळेच कापतात, नवा फोर्क लांबच येतो. पण एकदा कापलेली नळी वाढत नाही. काकांनी पट्टी लावली. अडीच सेंटिमीटर कमी.

"तुमच्या नळीवर रिंगा होत्या ना? स्पेसर?" त्यांनी विचारलं. फ्रेमची मान संपते तिथून हँडलच्या जोडापर्यंत नळीवर बांगड्यांसारख्या रिंगा घालतात, उंची भरून काढायला. "त्या सगळ्या काढल्यावर अडीच सेंटिमीटर भरत असतील तर बसेल. नाही तर नाही. किती होत्या?"

"होत्या," मिलिंद म्हणाला. "दोन. की तीन."

"किती जाड?"

मिलिंद सायकलबद्दल तासभर बोलू शकतो. स्वतःच्या सायकलवर किती रिंगा आहेत हे त्याला माहीत नव्हतं. फोर्क काढताना त्याने त्या पोहे खायच्या वाटीत काढून ठेवल्या होत्या, आणि वाटी घरी होती. आणि घरी ज्योती होती.

फोन मी केला, स्पीकरवर ठेवला. सगळं सांगितलं. ज्योतीने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे माझ्या मापावर ठरणार?"

"हो."

"मी सांगेन ते चालेल तुम्हाला?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझंच चालेल."

भांड्यांचा आवाज. मग ज्योती म्हणाली, "वाटीत दोन आहेत. एक लहान, एक मोठी. एकावर एक ठेवून दीड सेंटिमीटर भरतं. पट्टीने मोजलंय, टेपने नाही."

दीड. एक सेंटिमीटर कमी पडलं. काकांनी मान हलवली. "नाही बसणार. आणि मी जबरदस्ती बसवून देणार नाही. जोडाला पकड मिळणार नाही, हँडल हातात येईल."

"ठीक आहे," मिलिंद म्हणाला. पलीकडे फोन बंद झाला. मिलिंद कापड परत गुंडाळू लागला, अगदी नीट, कोपरे जुळवत. मी काहीतरी टोमणा शोधत होते, कारण मला दुसरं काही येत नाही. सापडला नाही. काकांनी चहा टाकला.

चहा निम्मा झाला असेल, फोन वाजला. ज्योती. धापा टाकत होती.

"अजून एक आहे. मोठी. वॉशिंग मशीनखाली गेली होती. झाडूने निघेना, मशीन सरकवावं लागलं. एक सेंटिमीटर. बरोबर एक."

काका उठून उभे राहिले. मिलिंद कापड पुन्हा सोडायला लागला, तर ज्योतीच म्हणाली, "ऐकू येतंय ना? आता मला सांगा, रिंगा काढल्यावर हँडल तेवढं खाली येणार. म्हणजे भार मनगटावर. ते कसं?"

हा प्रश्न आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचला नव्हता. काकांनी फोन हातात घेतला. "बाई, प्रश्न योग्य आहे. हा फोर्क तुमच्या जुन्यापेक्षा दोन सेंटिमीटर उंच आहे. इकडे गेलेलं बरंचसं तिकडून परत मिळेल. सायकलवर बसल्यावर हा थोडा दबेल, म्हणून उंच उठावाचं हँडल घ्या, ते कुठेही मिळतं. आणि यापेक्षा उंच फोर्क मी दिला नसता, फ्रेमला सोसलं नसतं."

"लिहून द्याल?"

"बिलावर लिहून देतो."

"मग घ्या," ज्योती म्हणाली आणि फोन ठेवला.

काकांनी लावलेली किंमत घाटकोपरच्या त्या एका फोर्कच्या चौथाईलाही पोचत नव्हती, आणि फोर्क पडद्यासकट दिला. परतताना रिक्षा केली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. महाग पडते, पण पुन्हा त्या शिपाईबाईंसमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते: सायकलच्या मानेचं माप आणि रिंगांची जाडी घरूनच मोजून न्या, आणि बरोबर उंच माणूस नेऊ नका, रिक्षात पाय तुमच्या वाट्याला येतात.

हँडल मुलुंडला घेतलं. रविवारी सकाळी आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने सगळं बसवलं. मिलिंद आवारात गोल फिरू लागला. मी आणि ज्योती पायऱ्यांवर बसलो होतो. बोरिवलीहून परत येऊन मनात काय राहिलं ते शोधत होते. काकांची बाल्कनी नाही, बांगडाही नाही. शेवटी विचारलंच.

"तू दीड म्हणालीस तेव्हा विषय संपला होता. तुला हवं तसंच. मशीन कशाला सरकवलंस?"

ज्योती नवऱ्याकडे बघत होती. "तूच सांगितलंस ना गं, हा दोन की तीन म्हणाला. तिसरी असणार असं वाटत राहिलं. नाही शोधली असती तर जन्मभर वाटत राहिलं असतं."

"आता काळजी मिटली?"

"छे. पण आता कसली करायची ते नक्की माहीत आहे."

मिलिंद गेटपाशी ब्रेक दाबून थांबला. चाक सरळ राहिलं. त्याने आमच्याकडे वळून अंगठा दाखवला. ज्योती उठून आवारात उतरली, गेटपासून चार पावलांवर जाऊन उभी राहिली आणि फोर्कच्या पायांकडे बघता येईल इतकी वाकली.

"काय रे, हळू दाबलास तू," ती म्हणाली. "परत ये. वेगात ये. आणि जोरात दाब."